खोडदला सापडलेला निखारा

सदाशिव पेठेत टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. हौशी आकाशनिरीक्षकांची ही संस्था १९४४ साली निघाली. शनीची कडी दुर्बिणीतून पाहावी ती अशा ठिकाणी. परंतु वाचकहो, डोळ्यांना न दिसणारेही एक आकाश आहे. ते टिपणारी दुर्बीण पेठेपासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला आहे.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तबकडी म्हणायची खरी, पण ती जाळीच! पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी, बाज विणावी तशी. इथल्या रेडिओ लहरी वीतभरापासून दोन मीटरपर्यंत लांब; बोटभर भोकातून त्या निसटत नाहीत, वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका आणि खर्च कमी. ही युक्ती डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) व त्यांच्या सहकाऱ्यांची. काटकसरीत एवढे शहाणपण आम्ही क्वचितच पाहिले.

आता या लांब लहरींत दिसते काय? काही दीर्घिकांच्या पोटात प्रचंड कृष्णविवर असते. त्याकडे वायू ओढला जाताना त्यातला काही भाग दोन बाजूंना झोतासारखा फेकला जातो. हे झोत भोवतालचा तप्त वायू सारून पोकळी करतात आणि त्यांतले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरत रेडिओ लहरी सोडतात. झोत थांबला की आखूड लहरी आधी विझतात, लांब लहरी रेंगाळतात. चूल पेटवलेल्या आमच्या भगिनींना हे समजावायला नको. जाळ गेला तरी राखेखालचा निखारा हाताला कळतो.

असा निखारा भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांच्या समूहात सापडला. क्ष-किरणांच्या चित्रात तिथल्या वायूला एक वाकडी कड दिसली होती. ती पोकळीची असेल का, असा विचार २०१६ साली झाला आणि सोडूनही दिला गेला. एवढी ताकद येणार कुठून? पुढे ऑस्ट्रेलियातील रेडिओ दुर्बीण आणि आपले खोडद यांच्या नोंदी जुळवल्या, तर कडेच्या आत रेडिओ लहरी भरलेल्या! तोवर माहीत असलेल्या उद्रेकांत हा सर्वांत मोठा, आधीच्या विक्रमाच्या सुमारे पाचपट, असे २०२० साली जाहीर झाले.

फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरते. गावोगावच्या शाळांतील मुले आपले प्रयोग मांडतात. एस.टी.ने नारायणगावला उतरून मुलांना जरूर न्यावे. तिथे मोबाइल मात्र बंद ठेवायचा. त्या तबकड्यांपुढे आपला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ताशा.