काचबिंदू आणि व्यायाम : एका शब्दाच्या अर्थव्याप्तीचा विचार

काचबिंदू झालेल्या वृद्ध मनुष्यास नेत्रवैद्य जेव्हा 'व्यायाम चालू ठेवा' असे सांगतात, तेव्हा 'व्यायाम' या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसराच असण्याचा संभव असतो. वैद्यांना बहुधा चालणे अभिप्रेत असते. ऐकणारा मात्र तीस वर्षे नेमाने चाललेले शीर्षासन तसेच पुढे चालू ठेवतो. उलट, 'डोळ्यांवर ताण येऊ देऊ नका' एवढेच वाक्य ज्याच्या कानी पडलेले असते, तो फिरावयास जाणेही सोडून घरात बसून राहतो. दोघांचीही हानी होते, आणि तिचे मूळ आज्ञा मोडण्यात नसून शब्दाच्या अर्थव्याप्तीत आहे. डोळ्याच्या दृष्टीने परस्परविरुद्ध परिणाम करणाऱ्या क्रिया आपण एकाच नावाने ओळखतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या विषयातील पुष्कळसा गोंधळ दूर होतो.

रोगाच्या नावापासूनच या गोंधळास आरंभ होतो. मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन शब्द उत्तरपदाच्या साम्यामुळे एकाच कुळातील वाटतात. रोग मात्र भिन्न आहेत. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते, आणि शस्त्रक्रियेने ते काढून कृत्रिम भिंग बसविले की बहुधा दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या दृक्-तंत्रिकेचे तंतू हळूहळू नष्ट होतात, आणि एकदा गेलेले तंतू कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. मोतीबिंदू 'पिकतो' असे आपण म्हणतो. त्या क्रियापदात 'अजून थांबण्यास हरकत नाही' असे आश्वासन गर्भित आहे. काचबिंदूच्या बाबतीत तेच आश्वासन घातक ठरते. हा संकर केवळ मराठीतच आहे असे नव्हे. संस्कृत वैद्यकग्रंथांत 'काच' ही तिमिर आणि लिंगनाश यांच्या मधली अवस्था म्हणून येते, म्हणजे तिचा संबंध आजच्या काचबिंदूपेक्षा वेगळ्याच विकारक्रमाशी आहे. मोतीबिंदू म्हणजे भिंगाचीच अपारदर्शकता होय, हे युरोपातही अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले, आणि त्यानंतरच तेथे या दोन रोगांतील भेद स्पष्ट होऊ लागला.

व्यायामाचा या रोगाशी संबंध कसा येतो, हे समजण्यासाठी डोळ्यातील दाबाची कल्पना असणे आवश्यक आहे. डोळ्याच्या पुढील भागात एक निर्मळ द्रव अखंड स्रवत असतो आणि बुबुळाच्या कडेशी असलेल्या सूक्ष्म जाळीतून तो निघून शेवटी शिरांतील रक्तास मिळतो. स्रवणे आणि निघून जाणे यांच्या मेळावर दाब अवलंबून असतो. सामान्यतः तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान असतो. तथापि हा आकडा म्हणजे रोग आणि आरोग्य यांमधील सीमारेषा नव्हे. कित्येकांना या मर्यादेच्या आत दाब असूनही काचबिंदू होतो. मात्र दाब कमी राखणे हाच रोगाची गती मंदावण्याचा सिद्ध झालेला उपाय आहे. औषधाचे थेंब, लेसर आणि शस्त्रक्रिया या तिन्हींचे उद्दिष्ट हेच असते.

डोके हृदयाच्या खाली गेले की डोक्याकडील शिरांतील रक्ताचा दाब वाढतो; डोळ्यातील द्रवास बाहेर पडण्याची वाट त्यामुळे बिकट होते आणि नेत्रगोलाच्या आतील रक्तवाहिन्याही अधिक भरतात. चेन्नई येथे ७५ योगाभ्यासी व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट झाल्याचे आढळले. त्या अभ्यासींमध्ये दाबाधिक्याचा विकार इतरांहून जास्त प्रमाणात आढळला नाही, हेही नमूद केले पाहिजे; म्हणजे निरोगी डोळा ही तात्पुरती वाढ सहन करतो असे दिसते. परंतु ज्याच्या तंत्रिकेची आधीच झीज झाली आहे, त्याच्याविषयी तसा भरवसा देता येत नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथील संशोधकांनी अधोमुख श्वानासन, उत्तानासन, हलासन आणि विपरीत करणी या चार आसनांची परीक्षा केली. काचबिंदू असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गटांत दाब वाढला. सर्वांत अधिक वाढ अधोमुख श्वानासनात झाली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला, तो येथील घराघरांत पोहोचलेला व्यायाम आहे. त्याच्या आज रूढ असलेल्या क्रमात पुढे वाकून हात भूमीस टेकविण्याची आणि कंबर उंच करून डोके खाली नेण्याची अशा दोन्ही स्थिती येतात. शीर्षासन वर्ज्य करणारा मनुष्य सूर्यनमस्कार निर्धास्तपणे घालतो, कारण त्याच्या मनात 'उलटे होणे' म्हणजे पाय वर जाणे. डोळ्याच्या हिशेबी मात्र डोके हृदयाच्या खाली जाणे हेच उलटे होणे होय. आसनांचे असे मापन योगपरंपरेस परके आहे असेही कोणी मानू नये. लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९२४ पासून योगक्रियांचा प्रयोगशाळेतील अभ्यास चालविलेला आहे.

दुसरा धोका श्वास कोंडण्याचा. जड वजन उचलताना माणूस नकळत श्वास रोखून जोर लावतो. त्यामुळे छातीतील दाब वाढतो आणि डोक्याकडून परतणारे रक्त अडते. ब्राझीलमध्ये ३० पुरुषांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निजून वजन उचलताना श्वास रोखला असता डोळ्यातील दाबाची सरासरी वाढ श्वास चालू ठेवला असतानाच्या सुमारे दुप्पट भरली. पाण्याची भरलेली कळशी किंवा धान्याचे पोते उचलतानाही हाच न्याय लागू पडतो, जरी त्या कामास कोणी 'व्यायाम' म्हणत नसले तरी. सारांश, हलके वजन आणि चालू श्वास ही जोडी सुटू देऊ नये.

आता चालण्याकडे वळू. चालणे, स्थिर सायकल चालविणे यांसारख्या, श्वास मोकळा ठेवून दीर्घकाळ करावयाच्या क्रियांनी डोळ्यातील दाब काही काळ उतरतो. अमेरिकेत काचबिंदू असलेल्या अथवा त्याचा संशय असलेल्या १४१ व्यक्तींच्या अंगावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज ५,००० पावले अधिक चालणाऱ्यांत दृष्टिक्षेत्राच्या ऱ्हासाची गती सुमारे दहा टक्क्यांनी कमी आढळली. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. तरीही केवळ भयापोटी घरात बसून राहण्याचे समर्थन यातून मुळीच निघत नाही. हृदय, अस्थी आणि तोल यांना चालण्याचा होणारा लाभ तर निर्विवाद आहे.

येथे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. काचबिंदूत आरंभी कडेची दृष्टी जाते; मधली दृष्टी दीर्घकाळ शाबूत राहते. शिवाय गेलेल्या भागाच्या जागी काळोख दिसत नाही. मेंदू ती उणीव भोवतालच्या दृश्यावरून भरून काढतो. म्हणून वर्तमानपत्र सहज वाचणारा मनुष्य पदपथाची कड न दिसल्यामुळे पडू शकतो, आणि आपणास दिसत नाही हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. दृष्टिक्षेत्राचा खालचा भाग उणावला असल्यास हा धोका विशेष असतो. अशा व्यक्तीने परिचयाचा, सपाट मार्ग निवडावा आणि पुरेशा उजेडात चालावे. उन्हातून एकदम अंधाऱ्या जिन्यात शिरताना क्षणभर थांबावे. सोबती असल्यास त्याने कमी दिसणाऱ्या बाजूस राहावे. जिना उतरताना दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग पायरी अस्पष्ट करतो, म्हणून चालण्यासाठी दूरदृष्टीचा स्वतंत्र चष्मा सोयीचा होतो. घरातील पायऱ्यांच्या कडांना ठळक रंगाची पट्टी लावण्याचा खर्च नगण्य आहे.

आणखी तीन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. डोळ्यात घालावयाचे टिमोलोलसारखे थेंब रक्तात शोषले जाऊन नाडी मंद करतात आणि दमेकऱ्यास त्रास देतात. म्हणून ते वापरणाऱ्याने केवळ नाडीच्या ठोक्यांवरून श्रमाचे माप ठरवू नये, आणि धाप लागत असल्यास वैद्यांस कळवावे. पोहणे चांगले, परंतु डोळ्यांच्या खोबणीत घट्ट रुतणारा लहान चष्मा दाब वाढवितो, तेव्हा मोठ्या कडांचा व सैल बसणारा घ्यावा. शस्त्रक्रिया झाली असल्यास वाकणे, ओझे उचलणे आणि पोहणे पुन्हा केव्हा सुरू करावयाचे, हे शस्त्रवैद्यांनीच ठरवावयाचे असते.

यावरून 'काचबिंदूत व्यायाम करावा की नाही?' हा प्रश्नच सदोष रचलेला आहे, असे म्हणावे लागते. त्याच्या जागी तीन प्रश्न विचारावयास हवेत : या क्रियेत डोके हृदयाच्या खाली जाते काय? तीत श्वास कोंडला जातो काय? आणि ती जेथे करावयाची, ती भूमी मला पुरती दिसते काय? पहिल्या दोहोंचे उत्तर नकारार्थी व तिसऱ्याचे होकारार्थी असेल, तर ती क्रिया बहुधा निर्धास्तपणे चालू ठेवता येईल. अन्यथा आपल्या तंत्रिकेची अवस्था माहीत असलेल्या नेत्रवैद्यांशी त्या क्रियेचे नाव घेऊन बोलावे, आणि योगशिक्षकासही आपल्या रोगाचे नाव सांगावे. वैद्यांनीही 'व्यायाम करा' असे मोघम न म्हणता 'रोज चाला, शीर्षासन सोडा, नमस्कारात डोके खाली नेऊ नका' असे सांगणे इष्ट होय. वाक्य थोडे लांबते. पण ऐकणाऱ्यास मग अर्थाचा तर्क करीत बसावे लागत नाही.