ध्वनीला मागें टाकणारें प्रवासी विमान

इंग्लंड व फ्रान्स यांनीं मिळून बांधलेलें काँकॉर्ड विमान १९६९ सालीं प्रथम उडालें, आणि १९७६ पासून सुमारें शंभर उतारू घेऊन ध्वनीच्या दुप्पट वेगानें जाऊं लागलें. पुढें लंडनहून न्यूयॉर्क साडेतीन तासांवर आलें! परंतु इतक्या वेगापुढें हवेला बाजूस सरण्यास अवसर मिळत नाहीं. ती दाबली जाते, आणि तोफेसारखा दणका खालीं जमिनीवर पोंचतो. म्हणून अमेरिकेनें १९७३ सालींच नागरी विमानांस आपल्या भूमीवरून असें उड्डाण मना केलें. उरला समुद्रमार्ग, त्यांतही इंधनाचा खर्च अफाट. २००० सालीं पॅरिसनजीकच्या अपघातांत ११३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. २००३ सालीं ही सेवा थांबली. वेगाचा लाभ शंभरांना, दणका मात्र खालच्या लाखोंना. हा हिशेब जुळल्यावांचून असा वेग लोकमान्य होणें कठीण.