अरुंद मानेची गिटार

दुसऱ्या महायुद्धानंतर आतड्याच्या तारांची जागा नायलॉनने घेतली, तरी अभिजात गिटारीची मान ‘नट’ नामक पट्टीपाशी सुमारे ५२ मिलिमीटर रुंदच राहिली. सुमारे ४३ मिलिमीटरच्या, पोलादी तारांच्या गिटारीला सरावलेल्या हातास ती साहजिकच गैरसोयीची वाटते. अशा वादकाने यामाहाच्या मध्यम किमतीच्या एनटीएक्स१ सारखी, ४८ मिलिमीटरची गिटार पाहावी. मात्र नायलॉनची तार ऐसपैस कंप पावत असल्याने, फाजील अरुंद मानेवर बोटांची दाटी होते, हे ध्यानी ठेवावे. ऐपत बेताची असल्यास, अंगभूत ध्वनिवर्धन-यंत्रणेचा खर्च वाचवून तो दर्शनी फळीच्या अखंड लाकडावर करावा. आणि पोलादी तारा चढवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्यांच्या ताणाने दर्शनी फळीवरची, तारा बांधलेली पट्टीच उखडू शकते.