घरच्यांसोबत पाहावेत असे सहा सिनेमे

ईदची सुटी असो की मे महिन्याची, घरी पाहुणे जमले की एक फर्माईश हमखास होते, ‘सगळ्यांनी मिळून बघता येईल असा एखादा सिनेमा सांगा.’ मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे ही फर्माईश माझ्या वाट्याला जरा जास्तच येते. दरवेळी दोन-तीन नावं सांगून वेळ मारून नेण्यापेक्षा या वेळी यादीच लिहून काढली.

काही घरांत सिनेमा पाहत नाहीत. त्यांच्या मताचा मी आदर करते. पण ठाणे असो, मुंब्रा-कौसा असो की कल्याण-डोंबिवली, बहुतेक घरांत मोबाइल आला आणि त्याच्याबरोबर सिनेमाही आला. मुलं कानात हेडफोन घालून एकटी काय बघतात आणि आपण त्यांच्याशेजारी बसून काय बघतो, हा आता खरा प्रश्न आहे.

आमच्या आधीच्या पिढीचे आवडते सिनेमे ठरलेले होते. ‘चौदहवीं का चाँद’ (1960), ‘मेरे महबूब’ (1963). नवाबी घराणी, मुशायरे, नकाबामुळे होणारे गैरसमज. त्यातली गाणी आणि त्यातली उर्दू आजही गोड वाटते. पण त्या हवेल्यांत रेशनची रांग नाही, लोकलचा पास नाही, भाड्याची चिंता नाही. कल्याण-भिवंडीच्या जुन्या मुस्लिम मोहल्ल्यांतला, घरात मराठी किंवा कोकणी बोलणारा माणूस तर तिथे औषधालाही सापडत नाही.

म्हणून मी निवड करताना एकच कसोटी लावली. ज्या सिनेमात माणसाची गरज अगदी लहान असते, पण तिच्यात त्याची सारी अब्रू गुंतलेली असते, तो सिनेमा वर्षानुवर्षं जुना होत नाही. कपडे बदलतात, मोटारी बदलतात, पण भाड्याचं घर, पायातले जोडे, कागदावरचा शिक्का या गरजा बदलत नाहीत.

शेजारी (1941)

प्रभात फिल्म कंपनीचा हा मराठी सिनेमा व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला आणि कथा विश्राम बेडेकरांची होती. गावातले दोन म्हातारे, जिवबा आणि मिर्झा, एकमेकांचे जिवलग शेजारी. बुद्धिबळाच्या पटाशिवाय त्यांचा दिवस जात नाही. गावाजवळ धरण बांधायला आलेल्या माणसाला ही एकी अडचणीची वाटते. तो मध्ये वितुष्ट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून मरण पत्करतात.

मराठीत केशवराव दाते जिवबा झाले आणि गजानन जागीरदार मिर्झा. याच कथेच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत मिर्झा जागीरदारांनीच केला आणि हिंदू शेजाऱ्याची भूमिका मज़हर ख़ान यांनी केली. म्हणजे मुसलमान पात्र हिंदू नटाकडे आणि हिंदू पात्र मुसलमान नटाकडे. लाहोर ठरावाला जेमतेम वर्ष होत होतं, तेव्हाची ही गोष्ट.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल जिब्रील (अ.) यांनी इतक्या वेळा ताकीद केली की शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळेल की काय असं वाटलं, असं पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस आपण मुलांना पाठ करवतो. ‘शेजारी’ पाहताना ती हदीस मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

गर्म हवा (1973)

माझ्या यादीत सर्वांत वरचं नाव हेच. एम. एस. सथ्यू यांचा सिनेमा, इस्मत चुग़ताईंच्या कथेवर आधारलेला, पटकथा कैफ़ी आज़मी आणि शमा ज़ैदी यांची. आग्र्याचे सलीम मिर्झा जोडे बनवण्याचा कारखाना चालवतात. फाळणीनंतर एकेक नातेवाईक पाकिस्तानला जातो. घर भावाच्या नावावर असतं आणि भाऊ निघून गेल्यामुळे ते सरकारजमा होतं. बँक कर्ज देत नाही, कारण आज आहे तो उद्या निघून गेला तर वसुली कोणाकडून करायची? म्हातारी आई घर सोडायला तयार होत नाही आणि लाकडं ठेवायच्या खोलीत जाऊन लपते.

मग सलीम मिर्झा भाड्याचं घर शोधायला निघतात. हे प्रसंग पाहताना आपल्याकडची घरं गप्प होतात. नाव सांगितल्यावर फ्लॅट ‘कालच गेला’ हे उत्तर ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात ज्यांनी ऐकलं आहे त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचा हा सिनेमा जुना वाटणार कसा? 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईची हजारो कुटुंबं मुंब्र्यात का आली, हा इतिहास आपल्या मुलांना कोणत्याच पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ‘गर्म हवा’ पाहिल्यावर ती स्वतःहून विचारतात.

सलीम मिर्झांचं काम केलेल्या बलराज साहनींचं एप्रिल 1973मध्ये, सिनेमा लोकांसमोर येण्याआधीच निधन झालं. धाकट्या मुलाच्या भूमिकेत फारूख़ शेख आहेत, हा त्यांचा पहिला सिनेमा. शेवटी सगळं आवरून टांगा स्टेशनकडे निघालेला असताना वाटेत रोजगार मागणारा मोर्चा दिसतो. मुलगा उतरून मोर्च्यात जातो आणि मग बापही उतरतो. देश सोडून जायला निघालेला माणूस इतरांच्या मागणीत आपली मागणी मिसळतो. नुसत्या ‘एकते’च्या भाषणापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं. यात मुलीच्या आत्महत्येचा प्रसंग आहे, म्हणून आठवी-नववीच्या खालच्या मुलांना दाखवू नये आणि मोठ्यांनाही शेजारी बसूनच दाखवावा.

मम्मो (1994)

श्याम बेनेगल यांचा सिनेमा, कथा-पटकथा ख़ालिद मोहम्मद यांची. लाहोरला राहणारी महमूदा बेगम, म्हणजे मम्मो, विधवा झाल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढल्यामुळे मुंबईत बहिणीकडे येते. बहिणीजवळ तिचा पोरका नातू रियाज़ राहतो. आधी या बडबड्या म्हातारीचा वैतागणारा रियाज़ हळूहळू तिच्यावर जीव लावतो. पण व्हिसाची मुदत असते. एके दिवशी पोलिस येतात आणि मम्मोला गाडीत बसवून सीमेपलीकडे पाठवून देतात.

फ़रीदा जलाल आणि सुरेखा सीकरी यांनी दोन बहिणी अशा उभ्या केल्या आहेत की आपल्याच खाला भांडत बसल्या आहेत असं वाटावं. सीकरींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वर्षांनी मम्मो परत येते आणि या वेळी सरकारी कागदावर तिला ‘मृत’ ठरवून घेणं हाच तिला जवळ ठेवायचा उपाय उरतो. हसू येतं आणि घशात आवंढाही येतो. प्लास्टिकच्या फाईलमध्ये शाळेचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार जपून ठेवणाऱ्या, नावातल्या एका अक्षराच्या फरकासाठी खेटे घालणाऱ्या घरांना मम्मोचं दुःख परकं वाटणार नाही.

नसीम (1995)

सईद अख़्तर मिर्झा यांच्या या सिनेमाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळ 1992चा, जून ते डिसेंबर. मुंबईतली शाळकरी मुलगी नसीम आणि अंथरुणाला खिळलेले तिचे आजोबा. आजोबांच्या भूमिकेत कैफ़ी आज़मी. बाहेर वातावरण तापत जातं, टीव्हीवर अयोध्येच्या बातम्या येत राहतात आणि आजोबा नातीला जुन्या आग्र्याच्या गोष्टी सांगत राहतात. बाबरी मशीद पडते त्याच दिवशी आजोबाही जातात.

तुम्ही पाकिस्तानला का गेला नाहीत, असं मुलगा चिडून विचारतो, तेव्हा आजोबा घरासमोरच्या झाडाची आठवण काढतात. ते झाड बायकोला फार आवडायचं. बस, एवढंच कारण. देशप्रेमाचं याहून साधं उत्तर मी पडद्यावर पाहिलेलं नाही.

या सिनेमानंतर मुलं उदास होतात, म्हणून त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते. 1970 आणि 1984 साली भीषण दंगली पाहिलेली भिवंडी 1992-93मध्ये मात्र शांत राहिली. पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988पासून तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. दोन्ही समाजांची साधी माणसं त्यांत नियमित एकत्र बसत होती. मुंबई पेटलेली असताना कामाला आली ती ही ओळख. ‘शेजारी’तला बुद्धिबळाचा पट जे काम करत होता, तेच काम इथे समितीच्या बैठकीने केलं.

डोंबिवली फास्ट (2005)

निशिकांत कामत यांचा हा पहिला सिनेमा, त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपट. माधव आपटे बँकेतला प्रामाणिक कारकून. रोज तीच लोकल, तीच गर्दी, तीच लाचखोरी. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या दुकानदाराशी वाद होतो आणि वर्षानुवर्षं दाबलेला संताप बाहेर पडतो. संदीप कुलकर्णी यांनी हा आपटे इतका ओळखीचा केला आहे की रोजच्या लोकलमध्ये समोरच्या बाकावर तोच बसलेला असेल असं वाटतं.

या यादीत आपटे कशाला, असं कोणी विचारील. कारण सकाळच्या गाडीत आपटे आणि अन्सारी एकाच दांडीला लटकलेले असतात, दोघांची हलाल कमाई तेवढीच पुरत नसते आणि दोघांकडून लाच मागणारा माणूसही एकच असतो. मात्र आपटे हातात बॅट घेतो तिथे सिनेमा थांबवून मुलांशी बोलावं. सब्र म्हणजे अन्याय मुकाट सोसणं नव्हे. पण रागाच्या भरात स्वतःच न्यायाधीश होणं हाही त्यावरचा इलाज नव्हे. या दोन टोकांच्या मध्ये काय करता येतं, हा वर्गात तासभर पुरणारा विषय आहे.

चिल्ड्रन ऑफ हेवन (1997)

शेवटचा सिनेमा इराणचा, माजिद माजिदी यांचा. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या नामांकनात पोहोचलेला हा पहिला इराणी सिनेमा. भाजी घ्यायला गेलेल्या अलीकडून बहिणीचे, ज़हराचे, दुरुस्त करून आणलेले जोडे हरवतात. घरात पैसे नाहीत हे दोघांना माहीत असतं, म्हणून ते आई-बापाला सांगत नाहीत. ज़हराची शाळा सकाळची, अलीची दुपारची. दोघे एकच जोडी आळीपाळीने वापरतात. ती धावत येते, हा धावत जातो. आपल्याकडच्या दोन पाळ्यांच्या शाळांतल्या मुलांना ही धावपळ फोड करून सांगावी लागत नाही.

दोन प्रसंग मी विसरू शकत नाही. ज़हराला आपले जोडे दुसऱ्या एका मुलीच्या पायात दिसतात. भाऊ-बहीण तिच्या मागोमाग घरापर्यंत जातात. तिचा बाप आंधळा आहे हे पाहतात आणि काही न बोलता परत फिरतात. दुसरा प्रसंग बापाचा. तो मशिदीसाठी साखर फोडत बसलेला असतो. समोर ढीग आहे, पण आपल्या चहात त्यातला एक खडाही घालत नाही, कारण ती मशिदीची अमानत आहे. ‘अमानत’ हा शब्द मी वर्गात फळ्यावर अनेकदा लिहिला आहे. त्याचा अर्थ मुलांच्या चेहऱ्यावर उमटलेला मात्र या प्रसंगानंतर पाहिला. हा सिनेमा पहिलीच्या मुलापासून दादीपर्यंत सर्वांनी एकत्र पाहावा.

यादी वाचून कोणी म्हणेल, यात करमणूक कुठे आहे? आहे. मम्मोची बडबड आहे, ज़हराचा रुसवा आहे. पण हे सिनेमे पाहण्याची एक रीत आहे. एका सुटीत एकच सिनेमा लावावा. मोबाइलवर नको, टीव्हीवर, सगळ्यांनी मिळून. संपल्यावर लगेच उठू नये. या माणसाला नेमकं काय हवं होतं, ते न मिळताही त्याने काय सोडलं नाही, एवढे दोनच प्रश्न मुलांना विचारावेत आणि उत्तर त्यांना देऊ द्यावं. घरात दादी-नानी असतील तर त्यांनाही विचारावं. ‘गर्म हवा’नंतर आपलं खानदान इथवर कसं आलं, कोणत्या चाळीतून, कोणत्या गावातून, किती भाडं होतं, हे सगळं निघतं. आपल्या घराचा तेवढा इतिहास तरी मुलांच्या कानावर पडतो.

तुमच्या घरातली यादी वेगळी असेल. ती या मासिकाकडे जरूर लिहून पाठवा, म्हणजे पुढच्या सुटीत आमच्याही उपयोगी पडेल.