कोडईकनालचा पारा

तमिळनाडूतील पळणी डोंगररांगेवर सुमारे सात हजार फूट उंचीवर वसलेल्या कोडईकनाल या थंड हवेच्या गावी १९८० नंतरच्या काही वर्षांत तापमापी बनविण्याचा जो कारखाना उभा राहिला, त्याची यंत्रसामग्री अमेरिकेतील वॉटरटाऊन येथून आणलेली होती. पुढे तो पाँड्स या मूळ मालक कंपनीकडून हिंदुस्थान लिव्हर कंपनीकडे आला. आणि २००१ च्या मार्चमध्ये, पाऱ्याने माखलेली सात टनांहून अधिक फुटकी काच गावातील एका भंगारवाल्याच्या आवारात आढळली, तेव्हा नागरिकांनी मोर्चा नेल्यावर कारखान्याला कुलूप लागले. परंतु कारखान्याला हद्द असते, त्यातून निसटलेल्या पाऱ्याला ती नसते, हे कोडईकनालने पुढील काळात दाखवून दिले.

पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड असला, तरी उघड्यावर राहताच त्याची वाफ होऊ लागते, आणि या वाफेला रंग नाही, गंध नाही. कामगाराच्या श्वासावाटे ती रक्तात जाऊन मज्जासंस्थेला व मूत्रपिंडांना इजा करते. जी बाहेर पडते तिचा काही अंश कित्येक महिने वातावरणात तरंगून देशोदेशी जातो, तर काही अंश जवळपासच पानांवर, धुळीवर बसतो किंवा रासायनिक बदल होऊन विद्राव्य बनतो आणि पाऊस व धुके यांच्याबरोबर जमिनीवर उतरतो.

हा अदृश्य वर्षाव मोजण्यासाठी अणुऊर्जा खात्याच्या शास्त्रज्ञांनी झाडांवरच्या शेवाळाची आणि आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतींची साक्ष काढली. कारण या वनस्पतींना जमिनीत मुळे नसल्यामुळे त्यांच्या अंगी जो धातू सापडतो तो बहुतांशी हवेतूनच आलेला असतो. कारखान्याच्या परिसरातील नमुन्यांत पारा विपुल होता, दूरच्या बेरिजम तलावाकाठच्या नमुन्यांत तो पुष्कळच कमी होता. तलावांच्या तळचा गाळ तपासला तेव्हाही हाच क्रम दिसला: कोडई तलावात पारा सर्वाधिक, बेरिजममध्ये त्याहून कमी, आणि कुक्कल तलावात सर्वांत कमी.

माशांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. तळाच्या प्राणवायूविरहित गाळात सूक्ष्मजंतू पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात, आणि हे विष लहान जीवाकडून मोठ्या माशाकडे जाताना प्रत्येक पायरीवर साठत जाऊन अखेरीस मनुष्याच्या ताटात, व गर्भवतीच्या रक्तावाटे गर्भाच्या मेंदूत पोहोचते. जपानमधील मिनामाता येथे एका रासायनिक कारखान्याने १९३२ पासून १९६८ पर्यंत उपसागरात सोडलेल्या सांडपाण्याने हेच घडविले. तेथील रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली, आणि त्यानंतरही बारा वर्षे ते पाणी वाहतच राहिले.

कोडईकनालहून २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाला रवाना झाला, आणि २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीचा समझोता झाला. परंतु आवारातील मातीत पारा किती प्रमाणात राहू द्यावा, किलोमागे २० मिलिग्रॅम की त्याहून कमी, हा वाद अनेक वर्षे चालला. कारखान्याच्या खाली पांबार शोला हे अरण्य असून त्यातील ओढ्यांचे पाणी मैदानाकडे उतरते, हे लक्षात घेता ही मर्यादा केवळ कागदावरील तजवीज ठरू नये.

पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये अंतिम मान्यता दिली. तापमापींतून पारा मागे हटत असला, तरी कोळशाच्या ज्वलनातून तो हवेत जातोच, म्हणून चंद्रपूर व कोराडी येथील औष्णिक केंद्रांमुळे हा विषय महाराष्ट्राच्याही दारी आलेला आहे. धुराड्याच्या तोंडाशी मोजमाप करून सरकारने समाधान मानू नये. भोवतालची माती, तलावाचा गाळ आणि कोळ्याच्या जाळ्यातील मासा यांचीही नियमित तपासणी व्हावी, आणि तिचा संपूर्ण तपशील त्या गावच्या रहिवाशांस त्यांच्या भाषेत मिळावा. हवेत सोडलेला पारा परत गोळा करणे जवळजवळ अशक्य आहे. तो सोडण्यापूर्वी अडविणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते आपले कर्तव्य आहे.