रोजा आहे का?

दुपार कलली की मालवणात मुस्लिम घरांतून इफ्तारची लगबग सुरू होते. अशा वेळी घरातील मधुमेही आजी गप्प झाली, हात थरथरू लागले, कपाळावर घाम आला, तर घरचे म्हणतात, ‘रोजा लागलाय. अजानला आता थोडाच वेळ आहे.’ प्रत्यक्षात रक्तातली साखर उतरलेली असू शकते. ती ७० च्या खाली गेली, तर अजानची वाट न पाहता रोजा लगेच सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञ सांगतात. कुरआनच्या सूरह बकरामध्येही आजारी माणसाला सवलत आहे. सुटलेले रोजे बरे झाल्यावर पूर्ण करता येतात. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा मानतात.

रुग्णालयात हीच काळजी परिचारिकेच्या हाती येते. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हा पाच गोष्टींचा नियम तिला शिकवलेला असतो. रमजानमध्ये ‘वेळ’च बदलते. जेवणाआधीचे इन्सुलिन टोचले आणि जेवण मगरिबनंतर झाले, तर औषधच घात करते. मात्रेचेही तसेच. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनमधले १०० चे. पेनमधले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने ओढले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. सिरिंजचे टोपण लाल आहे की केशरी, हे पाहायला क्षणभर पुरतो.

सिंधुदुर्गात प्रश्न आणखी वाढतो. गंभीर रुग्ण मालवणहून ओरोसला, तिथून गोव्यात बांबोळीला जातो. प्रत्येक टप्प्यावर परिचारिका नवी. शेवटचे इन्सुलिन किती वाजता दिले, सहरीला काय खाल्ले, हे चिठ्ठीवर नसेल, तर नातेवाइकांनीच सांगायला हवे.

प्रेषितांच्या काळात मदीनेत मशिदीच्या आवारातील तंबूत जखमींची शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. कुणाला इजा करू नये, ही प्रेषितांची शिकवण. ती पाळण्याची सुरुवात ‘रोजा आहे का?’ या साध्या प्रश्नाने होते. शेजारच्या खाटेवरच्या काकूंना ‘आज एकादशी धरलीत का?’ असे विचारणे, हीही तीच सेवा.