बुडणारं मूल हाक मारत नाही

मे महिन्याची सुट्टी लागली की शहरातली मुलं मामाच्या, आजोबांच्या गावाला जातात. विहीर, नदी, बंधारा, कोकणात समुद्र, सगळं पाणी एकदम हाताशी येतं. त्याच दिवसांत वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी वरचेवर दिसू लागते: पोहायला गेलेली दोन भावंडं बुडाली. धुळवडीच्या दुपारी रंग धुवायला नदीवर गेलेली मुलं, विसर्जनाला घाटावर उतरलेला मुलगा, शेततळ्यात घागर भरायला वाकलेली मुलगी. गाव हळहळतं, ‘वेळ आली होती’ म्हणतं आणि पुढच्या वर्षी तीच बातमी दुसऱ्या नावांनी येते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात ३८ हजारांहून अधिक माणसं पाण्यात बुडून मेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडाली आणि त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. यातले कितीतरी जीव वाचवता येण्याजोगे होते. पण पाण्याविषयी आपल्या डोक्यात इतके चुकीचे समज घर करून बसले आहेत की ऐन वेळी आपण नको ते करतो, आणि हवं ते करायचं राहून जातं.

‘बुडणारं माणूस आरडाओरडा करतं’

सिनेमातलं माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ म्हणतं. खऱ्या पाण्यात बहुतेकदा तसं घडत नाही. फ्रँक पिया या अमेरिकी जीवरक्षकाने बुडणाऱ्यांचं बारकाईने निरीक्षण करून १९७० च्या दशकात हे मांडलं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या पातळीवर क्षणभर येतं आणि पुन्हा खाली जातं. तेवढ्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचं, असा प्रसंग असतो आणि शरीर श्वास निवडतं. हात वर जात नाहीत. ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभंच्या उभं राहतं, पाय चालत नाहीत. ही धडपड २० ते ६० सेकंद टिकते, लहान मुलाची त्याहून लवकर संपते.

म्हणून काठावर गप्पा मारत बसलेल्या मोठ्यांना काही ऐकूच येत नाही. खेळणारी मुलं आवाज करतात. एखादं मूल अचानक गप्प झालं, डोकं मागे टाकून तोंड उघडं ठेवून पाण्यात उभं दिसलं, केस डोळ्यांवर आले तरी बाजूला करत नसेल, तर ते खेळत नाही. हाक मारा. उत्तर आलं नाही तर लगेच त्याच्याकडे धाव घ्या. घरातली दहा माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणीतरी बघतोय. त्यापेक्षा एकाच माणसाने मोबाइल बाजूला ठेवून लक्ष द्यायचं आणि थोड्या वेळाने ‘आता तू बघ’ असं सांगून दुसऱ्यावर जबाबदारी सोपवायची. पाच-सहा वर्षांखालचं मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असेल, तर मोठं माणूस हात लांब केला की पोचेल इतकं जवळ हवं.

‘थोडंच तर पाणी आहे’

रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या बाळाचं डोकं बाकी शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकलं की तोल जाऊन डोक्यावर पडतं आणि स्वतःला बाहेर काढू शकत नाही. काही इंच पाणी पुरतं. न्हाणीघरातली भरलेली बादली, अंगणातलं पिंप, झाकण नसलेला हौद, बांधकामाचा पावसाने भरलेला खड्डा, ही ठिकाणं नदीइतकीच गंभीरपणे घ्यायला हवीत. वापर झाला की बादली पालथी घालावी, न्हाणीघराला वर कडी बसवावी. खर्च जवळपास शून्य.

‘शेततळं म्हणजे सुरक्षित तळं’

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या समजाची. राज्य सरकारने २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि गावोगाव शेततळी झाली. दुष्काळी शेतकऱ्याला त्यांनी आधार दिला, यात शंका नाही. पण त्या योजनेतलं मोठ्यात मोठं शेततळं ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होतं. म्हणजे भरलं की दहा फूट पाणी. पाणी झिरपू नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद अंथरतात. त्याच्यावर शेवाळ धरलं की तो उतार इतका निसरडा होतो की पट्टीचा पोहणाराही हाताला धरायला काही नसल्याने वर येऊ शकत नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटरचा पाइप असतो. शेततळ्यात काहीच नसतं. मूल पाय धुवायला उतरतं, घसरतं. त्याला काढायला आई उतरते, तीही घसरते.

यावर उपाय साधा आहे. चारही बाजूंच्या काठांवर पक्के खुंट ठोकून त्यांना गाठी मारलेले जाड दोर बांधायचे आणि ते उतारावरून तळापर्यंत सोडून ठेवायचे. जुन्या टायरांची शिडी केली तर आणखी चांगलं. काठावर हवा भरलेली एखादी ट्यूब कायम टांगलेली असावी. तारेचं कुंपण आणि कुलूप लावता येईल असं फाटक असावं. कागद अंथरण्यावर हजारो रुपये खर्च होतात, त्यात दोराची भर फार मोठी नाही. ज्या शेतकऱ्याने तळं खोदलं त्याने हे करावंच, आणि ज्या गावात तो करत नसेल तिथे ग्रामसभेत हा विषय काढावा.

‘पाण्याजवळ जाऊच द्यायचं नाही, मग धोकाच नाही’

बंदी आपण घालतो, पण मूल एक दिवस मित्रांबरोबर जातंच. फरक एवढाच की ते घरी न सांगता जातं आणि पोहायला न शिकता जातं. पूर्वी गावात मुलांना विहिरीत पोहायला शिकवायची रीत होती. पाठीला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचं हलकं लाकूड किंवा हवाबंद रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचं टोक काका-मामाच्या हातात. त्यात शिस्त होती, एक जाणतं माणूस होतं. ते माणूस आता शहरात नोकरीला आहे. विहीर तिथेच आहे, मुलंही आहेत.

पोहणं शिकवायला निळ्या फरशीचा तलावच लागतो, असंही नाही. बांगलादेशात गावच्या तळ्यांमध्येच बांबूचे मचाण बांधून चार ते बारा वर्षांच्या मुलांना पोहायला शिकवलं गेलं. ज्यांनी हे शिक्षण घेतलं त्यांच्यात बुडून मरण्याचं प्रमाण खूपच कमी झाल्याचं अभ्यासांत दिसलं. तिथल्याच आणखी एका उपक्रमात अगदी लहान मुलांना आई कामात असलेल्या सकाळच्या वेळी पाळणाघरात सांभाळलं गेलं आणि त्यानेही मृत्यू मोठ्या प्रमाणावर घटले. आपल्याकडे अंगणवाड्या आहेत, पाझर तलाव आहेत, पोहता येणारे तरुण आहेत. जागतिक आरोग्य संघटना सहा वर्षांपुढच्या शाळकरी मुलांना पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा म्हणते, आणि भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला आहे.

शहरातल्या उन्हाळी शिबिरात मुलाला घालताना फी आणि वेळ विचारतो, तसं आणखीही विचारावं: एका शिक्षकामागे मुलं किती? जीवरक्षक वेगळा आहे का, की शिक्षकच जीवरक्षक? आणि वेगाने हात मारण्याआधी मुलाला पाठीवर तरंगायला, जागच्या जागी हातपाय मारत तरंगत राहायला, वळून काठ धरायला शिकवतात का? जीव वाचवणारं शिक्षण हेच आहे. नेदरलँड्समध्ये पोहण्याच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी मुलाला अंगावर कपडे असताना पोहून दाखवावं लागतं, कारण मूल पाण्यात पडतं ते बहुधा कपड्यांसकट. आपल्या शिबिरांनी ही एक गोष्ट आजच उचलावी. हवा भरून दंडावर घालायचे पट्टे आणि रंगीत ट्यूब ही खेळणी आहेत. होडीत बसताना मापाचं, पट्टे आवळलेलं लाइफ जॅकेटच हवं.

‘त्या डोहाला दरवर्षी बळी लागतो’

पाण्यातल्या साती आसरांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. त्या भीतीने कित्येक मुलांना डोहापासून दूरही ठेवलं असेल. पण एकाच जागी माणसं पुन्हा पुन्हा बुडतात याचं कारण त्या जागेतच असतं: वाळू उपशाने अचानक पडलेला खड्डा, बुडालेला खडक, गाळ, भोवरा. कारण शोधलं की तिथे फलक, साखळी, दोर लावता येतो.

समुद्रावर तर शांत दिसणारी जागाच फसवते. दोन बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गडद आहे, तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत धावत असण्याची शक्यता असते. ही ओढ माणसाला खाली नेत नाही, आत नेते. तिच्याशी झुंजून सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा दमतो आणि बुडतो. पाठीवर तरंगत राहावं, एक हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच, जीवरक्षक असतानाच पाण्यात उतरावं. गोव्यात २००८ पासून ही व्यवस्था आहे. कोकणातल्या अनेक किनाऱ्यांवर ती नाही, तिथे स्थानिक कोळ्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि धोका फक्त पावसाळ्यात असतो असंही समजू नये. मुरूडच्या समुद्रात पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले ते १ फेब्रुवारी २०१६ रोजी.

धबधब्याचा प्रकार वेगळा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वरच्या डोंगरावर पाऊस पडत असतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं. घोटाभर वाहत्या पाण्यात लहान मुलाचा पाय सुटू शकतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला येऊ लागला, आवाज वाढला, की फोटो राहू द्या आणि बाहेर या.

‘उलटं धरलं की पोटातलं पाणी निघतं’

पाय धरून गरगर फिरवणं, पालथं घालून पोट दाबणं, यात मोलाची मिनिटं जातात, आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती वाढते. बुडालेल्याला पाणी बाहेर काढण्याची नव्हे, प्राणवायूची गरज असते. पाठीवर झोपवा. श्वास नसेल तर डोकं किंचित मागे करून नाक चिमटीत धरा आणि छाती वर येईल असे दोन ते पाच श्वास तोंडाने द्या. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने ३० वेळा दाबा, पुन्हा २ श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड पुसा, पुढे चालू ठेवा. शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात न्यायचंच. काही तासांनी खोकला, धाप, गुंगी येऊ शकते. हे प्रथमोपचार शिकायला एक दुपार पुरते. शाळेच्या पालकसभेत एकदा डॉक्टरांना बोलावून हे सगळ्यांनी करून पाहावं.

आणि वाचवायला उडी मारू नका. घाबरलेलं माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतं आणि दोघंही जातात. काठी, दोर, रिकामा कॅन, ओढणी, जे हाताशी असेल ते फेका. ऑगस्ट २०२० मध्ये तमिळनाडूतल्या पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर चार मुलगे बुडताना पाहून तीन बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांच्याकडे फेकल्या. दोघांचे प्राण वाचले.

मुलांनाही हेच शिकवा: मित्र बुडत असेल तर उडी नाही, हाक मारायची, तरंगेल ते फेकायचं आणि मोठ्यांना बोलवायचं. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या, सुट्टीला निघण्याआधीच.